चौघांसाठी घेतलेला पाण्याचा जग

मी एक जुना पाण्याचा जग आहे. पाच लिटरचा, निळ्या रंगाचा, वर पांढरं झाकण आणि खाली तोटी. निळा आपला म्हणायचा; उन्हानं माझा रंग इतका उडाला आहे, की नव्या माणसाला मी राखाडीच वाटेन. तोटी तर कधीच तुटली. तिथं आता सायकलच्या ट्यूबचा तुकडा आवळून बांधला आहे आणि त्यातून दिवसभर थेंब थेंब गळत असतं. मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. माझ्यातलं पाणी अजून दुपारपर्यंत गार राहतं.

मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात शाहपूरच्या आसपास केळीच्या बागा आहेत. सध्या माझा मुक्काम तिथं असतो, आज या बागेत, उद्या त्या बागेत. तुम्ही म्हणाल, सावली, हिरवळ, मजा आहे बुवा या जगाची! मजा कसली? माझी गोष्ट मजेची नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून कुणाची तक्रार नको.

माझा जन्म एका प्लास्टिकच्या कारखान्यात झाला. रंगीत दाणे वितळवून माझी दोन भांडी केली, एक मोठं आणि त्याच्या आत एक लहान. मधल्या पोकळीत पांढरा फेस ओतला, तो फुगून घट्ट बसला. त्या फेसामुळे बाहेरचं ऊन माझ्या आतपर्यंत पोचत नाही. एवढा एक गुण घेऊन मी शाहपूरच्या बाजारात आलो आणि एका भांड्यांच्या दुकानाबाहेर दोरीला लटकून राहिलो.

तिथंच मला जीवन आणि तृप्ती भेटले. तृप्तीच्या कडेवर छोटी हिमानी होती आणि तिच्या साडीचा पदर धरून समाधान उभा होता, नाकातून शेंबूड, हातात गारेगार. दुकानदार त्यांना माझ्याहून लहान जग दाखवत होता. जीवन ऐकेना.

"छोटा नको भाऊ. चौघांले पुरला पायजे," तो म्हणाला. "आता सुट्ट्यांमधी आम्ही चौघं फिरणार हाओत. असीरगड, राजघाट, सगळं दाखवायचं पोरांले."

"तुम्ही याल तं खरं," तृप्ती हसून म्हणाली.

"येईन म्हणजे? पक्का!"

त्यानं मला दोरीवरून काढलं, टिचकी मारून पाहिलं आणि स्वतःच्या हातानं घरी नेलं. त्याचा हात मला तेव्हाच जरा खरखरीत लागला होता. पण नव्या कोऱ्या वस्तूला असल्या गोष्टी कुठं कळतात! चौघांची सहल आणि तिच्यात मी, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आता जीवनचं काम काय, ते सांगायला हवं. तो केळीच्या कटाईचा मुकादम. आठ-दहा माणसांची टोळी घेऊन बागेत जायचं, तयार झालेले घड कोयत्यानं उतरवायचे, खांद्यावरून बांधापर्यंत वाहायचे आणि ट्रकमध्ये नीट रचून द्यायचे. या कामाला आधी ठरवलेला वार नसतो. व्यापाऱ्याला ट्रक मिळाला की सकाळी फोन येतो, "गाडी लागली." मग हातातला घास टाकून निघायचं. नाही गेलं तर टोळी दुसऱ्याची लागते आणि पुढच्या वेळी फोनही दुसऱ्यालाच जातो. त्यात शाळांना सुट्टी लागते आणि बागांना कटाई लागते ती एकाच वेळी, ऐन उन्हाळ्यात. हे कुणी ठरवलं मला माहीत नाही, पण ठरवणाऱ्याला पोरंबाळं नसावीत.

पहिली सहल असीरगडची ठरली. समाधान अजून शाळेत जायचा होता आणि हिमानी नुकती दुडुदुडु चालायला लागली होती. तृप्तीनं लवकर उठून पुऱ्या तळल्या, बटाट्याची सुकी भाजी केली, मला घासूनपुसून काठोकाठ भरलं आणि वर बर्फ टाकला. जीवननं इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं, समाधानला खांद्यावर बसवलं. मी दाराशी तयार होतो. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.

तो नुसता "हो, हो" म्हणत राहिला. मग त्यानं समाधानला खाली उतरवलं आणि शर्टाची बटणं काढायला लागला.

"देवरामच्या बागेत गाडी लागली," तो म्हणाला. "आज माल नाही काढला तं शेठ उद्या घेणार नाही म्हणते."

"मग आपण नाही जायचं?" समाधाननं विचारलं.

जीवनला त्याच्याकडे बघवेना. तो तृप्तीला म्हणाला, "तुम्ही निघा ना. पोरं तयार हायेत, डबे भरले हायेत. मी दुपारून येतो मागून मोटरसायकलनं. टेन्शन नको घेऊ."

तृप्ती निघाली. एका काखेत हिमानी, दुसऱ्या हातात समाधान, खांद्यावर पिशवी. मित्रांनो, माणसाला हात दोनच असतात. मला धरायला तिला तिसरा हात कुठून आणायचा हेच कळेना. शेवटी तिनं मला पिशवीच्या बंदाला अडकवलं आणि मी दिवसभर तिच्या कमरेवर आपटत राहिलो. तिला किती लागलं असेल!

गडावर वारा सुरेख होता. पोरं हुंदडली. पुऱ्या खाताना तृप्तीनं एक वाटा डब्यात तसाच ठेवला आणि माझं पाणी पोरांनी पुन्हा मागितलं तेव्हा म्हणाली, "बस झालं, पप्पांना राहू दे." शेजारी बसलेल्या एका बाईनं विचारलं, "यांचे पप्पा नाही आले?"

"येऊ राहिले मागून," तृप्ती म्हणाली आणि रस्त्याकडे बघायला लागली.

मलाही ते खरं वाटलं होतं. संध्याकाळी परतताना तिनं माझ्यातलं उरलेलं पाणी एका झाडाच्या बुंध्याशी ओतलं. मी सबंध रस्ता रिकामा होतो आणि तरी तिला जड झालो होतो.

पुढं हेच होत राहिलं. इच्छापूरच्या देवीला गेलो, तापीच्या राजघाटावर गेलो, नदीपलीकडे जैनाबादला आहूखान्यात, मोगलांच्या जुन्या हरणबागेत गेलो. ठरवताना चौघं असायची, निघताना तिघं व्हायची. जीवन खोटं बोलत नसे, हे मला इथं सांगितलंच पाहिजे. दर वेळी त्याला खरोखर यायचं असे. दर वेळी तो शर्ट घालत असे. पण केळीला थांब म्हणता येत नाही.

माझं कौतुक मात्र खूप झालं. भर मे महिन्यात बऱ्हाणपूरच्या उन्हात दगडसुद्धा हात लावू देत नाहीत, तिथं माझी तोटी फिरवली की गार धार! अनोळखी माणसं पेला पुढं करून यायची आणि म्हणायची, "वहिनी, काय थंड पाणी आहे हो!" मी फुशारून जायचो. तृप्ती हसायची, पण तिचं लक्ष माझ्याकडे नसायचं. एक पोर लघवीला न्यायचं तर दुसरं पाण्याच्या कडेला पळायचं. दिवसभरात ती स्वतः कधी टेकलेली मला आठवत नाही. आजूबाजूला नवरे पोरांना खांद्यावर घेऊन फिरत, बायका चटईवर पाय पसरून गप्पा मारत. ती त्यांच्याकडे बघायची आणि मग पटकन पिशवीत काहीतरी शोधायला लागायची. त्या पिशवीत शोधण्यासारखं काही नसायचं.

एकदा राजघाटावरून नावेनं जैनाबादला जाताना पाण्याचा शिंतोडा उडाला आणि हिमानी किंचाळायलाच लागली. तृप्तीनं समाधानला घट्ट धरलं होतं, त्याला सोडता येईना. नाववाला चुडामण म्हातारा माणूस. त्यानं वल्हं ठेवलं, हिमानीला उचलून कडेवर घेतलं आणि पाण्यातले मासे दाखवले. पोरगी गप्प झाली. तृप्तीनं त्याचा फोनवर व्हिडिओ काढला. ती सगळ्याचेच व्हिडिओ काढायची आणि लगेच जीवनला पाठवायची. "पप्पांले दाखव, काय पाह्यलं," असं म्हणून पोरांना फोनसमोर उभं करायची. पोरं आधी फोनकडे बघून हात हलवायची. नंतर नंतर कंटाळायला लागली.

आणि खेळ अगदी रंगात आला, की तृप्ती घड्याळ बघायची. जीवन बागेतून भुकेला यायचा, त्याच्या आधी चूल पेटायला हवी. "चला, आवरा. पप्पा यायची वेळ झाली." हे शब्द ऐकले की पोरांची तोंडं उतरायची. समाधान पाय आपटायचा, हिमानी भोकाड पसरायची. यात चूक कुणाची? तृप्तीची म्हणावी तर दमलेल्या माणसाला गरम भाकरी द्यायची तिची इच्छा. पण तो "पप्पा" शब्द पोरांच्या कानात कुठं जाऊन बसला, ते तेव्हा कुणालाच दिसलं नाही.

त्याहून मोठी गोष्ट होती चिकाची. केळीचा घड कापला की दांड्यातून चीक गळतो. दिसायला पाण्यासारखा साधा. कपड्यावर पडला की काही वेळानं तपकिरी होतो, मग काळा, आणि तो डाग कपडा फाटेपर्यंत जात नाही. साबण लावा, सोडा लावा, घासून घासून बोटं सोला, डाग तिथंच. कटाई करणाऱ्या माणसाचे कपडे तर काळे होतातच. त्याच्या हातांवरही चीक चढत जातो आणि सीझनभर निघत नाही. एकदा मामाच्या लग्नासाठी घेतलेला हिमानीचा पिवळा फ्रॉक जीवननं तिला कडेवर घेतल्यामुळे असा खराब झाला. तृप्ती तेव्हा रडली होती. चांगला कपडा त्यांच्या घरात रोज येत नव्हता.

तेव्हापासून सहलीच्या सकाळी तिचा एक नियम झाला. पोरांना ठेवणीतले कपडे घालायची आणि वर बजावायची, "पप्पांना शिवू नका हं. चीक लागंल." जीवन चहाला घरी आला, की हिमानी धावत सुटायची आणि तृप्ती ओरडायची, "हात नको लावू! नवा फ्रॉक हाय!" हिमानी जागच्या जागी थांबायची. जीवनही दोन्ही हात पाठीमागं घ्यायचा आणि हसत म्हणायचा, "ऐक मम्मीचं. पप्पा गंदे हायेत." तो गमतीनं म्हणायचा. केळीच्या गावात कितीतरी घरांत आया असंच ओरडत असतील. मला तर तेव्हा ते शहाणपणाचंच वाटलं होतं.

मग एक दिवस तो आला, मित्रांनो. खरंच आला. त्या दिवशी कटाई जैनाबादकडच्या एका बागेत होती आणि ट्रक लवकर भरला. आम्ही राजघाटावर आहोत हे त्याला ठाऊक होतं. त्यानं नदीत उतरून अंग घासघासून धुतलं, टोळीतल्या यादवकडून धुतलेला शर्ट मागून घेतला आणि नावेत बसून आमच्याकडे आला. मी घाटाच्या पायरीवर होतो, मला तो आधी दिसला. ओले केस, अंगावर जरा ढगळ शर्ट, चेहऱ्यावर असं हसू, की मी ते आधी कधी पाहिलं नव्हतं.

"हिमानी!" त्यानं लांबूनच हाक मारली आणि दोन्ही हात पसरले.

हिमानीनं वळून पाहिलं. तिच्या अंगात गुलाबी फ्रॉक होता. ती एक पाऊल पुढं आली, त्याच्या काळ्या पडलेल्या तळव्यांकडे बघितलं आणि धावत तृप्तीच्या मागं जाऊन लपली.

"नको! चीक लागंल!"

घाटावरची माणसं हसली. लहान पोरीचं बोलणं, हसू येणारच. जीवनही हसला. समाधाननं त्याला समजावून सांगितलं, "पप्पा, तिचा नवा फ्रॉक आहे ना, म्हणून. वैसे तो ठीक है."

"अगं जा ना, धुतलेले हायेत हात! पप्पाच हायेत ते!" तृप्तीनं हिमानीला पुढं ढकललं. ढकलल्यावर ती रडायलाच लागली. तृप्तीचा चेहरा लाल झाला. जीवन म्हणाला, "राहू दे, राहू दे. नको रडवू तिले." तो त्यांच्यापासून थोडा लांब, खालच्या पायरीवर बसला. तृप्तीनं त्याला डबा दिला, माझं पाणी दिलं. चौघं एका ठिकाणी होते, माझ्यात चौघांना पुरेल एवढं पाणी होतं, आणि पोरं पाठमोरी बसून नदीत खडे टाकत होती. मग फोन वाजला. दुसऱ्या बागेत गाडी लागली होती. तो इतक्या चटकन उठला, की मला त्याच्याकडे बघवलं नाही.

घरी गेल्यावर तृप्ती मला विसळत होती. विसळता विसळता ती थांबली आणि स्वतःशीच म्हणाली, "मीच शिकवलं तिले हे." नळ तसाच वाहत राहिला.

तिनं पुढं खूप प्रयत्न केले. "जा, पप्पांच्या मांडीवर बस," म्हणायची. पोरं बसायची, पण शाळेत बाकावर बसतात तशी, आणि सुटका कधी होते याची वाट बघायची. असलं काही सांगून होत नसतं. आधी पोरं प्रत्येक सहलीला विचारायची, "पप्पा येणार?" मग त्यांनी विचारणं सोडलं. तृप्तीनंही हळूहळू डब्यात वाटा ठेवायचं सोडलं. भांडण कधी झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं मला पुष्कळदा वाटलं.

माझे दिवसही तेव्हाच फिरले. एका सहलीला रिक्षातून उतरताना मी निसटलो, रस्त्यावर आपटलो आणि माझी तोटी मोडली. तृप्तीनं नव्या स्टीलच्या बाटल्या आणल्या, पोरांच्या नावाच्या, आणि मला मागच्या पडवीत ठेवून दिलं. माझ्यात कांदे भरले. माझ्यासारख्या गार पाणी देणाऱ्यानं कांदे सांभाळायचे! पण करणार काय. एके सकाळी जीवनचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्यानं कांदे काढले, मला धुतलं, तोटीच्या जागी ट्यूबचा तुकडा बांधला आणि मोटरसायकलला अडकवून बागेत नेलं.

तोवर मला त्याची एकच बाजू माहीत होती, तो न येण्याची. बागेत मला दुसरी कळली. तो काय खातो, कुठं बसतो, खांद्यावर घडांनी कसे वळ उठतात, सगळं पाहिलं. दुपारी टोळी बांधावर जेवायला बसली की तो फोन काढून तृप्तीचे जुने व्हिडिओ बघायचा. आवाज मोठा ठेवायचा. केळीच्या बागेत हिमानीचं हसणं ऐकू यायचं आणि माणसं जेवता जेवता थांबायची.

"कुठलं हाय हे, जीवनभाऊ?" यादवनं एकदा विचारलं.

"जैनाबादचं. नावेत गेलो होतो ना आम्ही," जीवन म्हणाला. "पाणी उडालं तं पोरगी अशी घाबरली! मी उचलून घेतली कडेवर. म्हटलं, बेटा, मासे पाह्य. मग चूप झाली."

यादव मान डोलवत राहिला. मी तिथंच होतो. नावेतही मी होतो. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की हा नव्हता तिथं, चुडामण होता. पण जग बोलत नाही ते बरंच आहे. जीवन असीरगडचा वारा सांगायचा, इच्छापूरच्या पायऱ्या सांगायचा, पोरांनी काय हट्ट केला ते सांगायचा. सगळं व्हिडिओत पाहिलेलं. सांगताना तो इतका खुश असायचा, की टोळीतल्या कुणालाही तो फार नशीबवान बाप वाटला असता.

याच उन्हाळ्यात ट्रकवाल्यांचा संप झाला. एकही गाडी येईना. सकाळी बागेत जमलेली टोळी परत गेली. जीवन थोडा वेळ बांधावर बसून राहिला. मग एकाएकी उठला, मला उचललं आणि मोटरसायकल अशी पळवली, की माझं जवळजवळ सगळं पाणी रस्त्यातच सांडलं. किती वर्षांनी त्याला भर सुट्टीत अख्खा दिवस मोकळा मिळाला होता!

घराला कुलूप होतं. तृप्ती पोरांना घेऊन निघून गेली होती. जीवन थबकला, पण त्याची खुशी गेली नाही. त्यानं मला पायरीवर ठेवलं, चौकटीवरची किल्ली काढली आणि आधी हात धुवायला बसला. डिझेलचा बोळा फिरवला, मग लिंबू, मग मीठ, मग दगडानं घासलं. हात लाल झाले तरी थांबेना. पेटीतला पांढरा शर्ट काढून घातला. मग तृप्तीला फोन लावला आणि हात ओले म्हणून फोन स्पीकरवर टाकून पायरीवर, माझ्या शेजारी ठेवला. म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"हॅलो! काय झालं?" तृप्तीचा आवाज घाबरलेला होता. कामाच्या वेळेला त्याचा फोन कधी येत नसे. "लागलं का काही?"

"नाही गं, काही नाही. गाड्या बंद हायेत आज. कुठं हाय तुम्ही लोक?"

"कुंडी भंडाऱ्याला. जमिनीखालचं ते जुनं पाणी पाहून आत्ताच लिफ्टनं वर आलो. खाली लय थंड आहे हो!"

"मी येऊ का तिकडं?"

ती म्हणाली, "खरंच? या ना! या, आम्ही थांबतो!" तिचा असा आवाज मी बाजारातल्या त्या दुकानानंतर ऐकला नव्हता. ती पोरांकडे वळून म्हणाली, "अरे, पप्पा येऊ राहिले!"

"पप्पा आ रहे?" हिमानीचा आवाज आला, रडवेला. "मग झालं का फिरणं? घरी जायचं आता? मम्मी, अभी तो आये हैं!"

"मम्मी, त्यांना सांग ना, आम्ही संध्याकाळी घरी येतोच म्हणून," समाधान म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो नुसता तोडगा सुचवत होता.

पुढचं नीट ऐकू आलं नाही, तृप्तीनं फोनवर हात ठेवला असावा. जीवन फोनकडे बघत उभा होता. लाल झालेले हात त्यानं अंगापासून दूर धरले होते, शर्टाला लागू नयेत म्हणून.

"हॅलो? अहो, या तुम्ही. लहान आहे ती, काहीही बोलते—"

"नाही गं," जीवन म्हणाला. "सहज केला होता फोन. इथं जरा काम निघालं. फिरा तुम्ही. आरामात या."

त्यानं फोन बंद केला. मग तो माझ्या शेजारी पायरीवर बसला आणि रडला. आवाज न करता, मान खाली घालून, बराच वेळ. मी उन्हात तापलेला होतो, माझ्यात घोटभर पाणी उरलं होतं, आणि तेही मला त्याला देता येत नव्हतं. मला माझा इतका राग कधी आला नव्हता.

ती तिघं लवकरच परत आली. तृप्तीनं येताना मावा जिलेबी आणली होती. जीवननं ती खाल्ली, "मस्त आहे" म्हणाला. पोरांनी दुरून फोन पुढं करून व्हिडिओ दाखवला, त्यानं पूर्ण बघितला. तृप्ती त्याच्या सोललेल्या हातांकडे बघत होती. तिला सगळं कळलं. पोरं टीव्ही लावून बसली.

दुसऱ्या दिवशी संप मिटला. बागेत टोळी जमली, जीवननं मला बांधावर सावलीत ठेवलं.

"काल सुट्टी होती जीवनभाऊ," यादव म्हणाला. "कुठं नेलं मग पोरांले?"

"कुंडी भंडाऱ्याला गेलो होतो ना आम्ही चौघं," जीवन कोयता उचलत म्हणाला. "खाली लय थंड आहे."

मित्रांनो, वस्तू आपली गोष्ट सांगते ती आपल्याला जपा म्हणून. माझी तोटी कुणी बदलली नाही तरी चालेल. या उन्हाळ्यानंतर मी फुटेन, भंगारात जाईन, त्याचं मला काही नाही. तुमच्या घरी असं कुणी कामावर जाणारं असेल, बाप असेल, आई असेल, तर या सुट्टीत फिरायला निघताना त्यांना "तुम्हीपण चला ना" म्हणा. ते येणार नाहीत. त्यांना काम असेल. तरी म्हणा.